आरवलेली कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. आरवलेली कोंबडी आहे, हे आधीच सांगते. ज्यांना उठून जायचंय त्यांनी खुशाल जावं.

सहा अंड्यांतून मी एकटीच निघाले. कपडे शिवणाऱ्या एका बाईनं मला चिंध्यांच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला वाढवलं. तिची मुलगी मला ‘बटण’ म्हणायची. नवरा ट्रक चालवायचा. महिनाभर तो खोकत होता. बाईनं डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, “ही एवढी खेप होऊ दे.”

त्याच सुमारास आमचा कोंबडा कुत्र्यानं नेला. माझी अंडीही बंद झाली. आणि एका पहाटे, तो खेपेवर गेलेला असताना, घशातून काहीतरी वर चढलं. मी आरवले. माझी मीच दचकले.

कोंबडा आरवला की म्हणे भुतं पळतात. गोष्टींत तो सूर्याचा दूत असतो. तोच सूर कोंबडीच्या गळ्यातून आला, की ती मरणाची हाक. हे कुणी ठरवलं, कोण जाणे.

वरच्या मजल्यावरची थोरली जाऊ धावत आली. “अगं, कर्ता माणूस जातो अशानं! मान मुरगळ तिची.”

“काहीतरीच काय, जाऊबाई!” बाई म्हणाली. पण सुईत दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

चौथ्या दिवशी वाटेतल्याच एका दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

घर माणसांनी भरलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. रडून आवाज बसलेली बाई तेवढ्यात म्हणाली, “महिनाभर खोकत होते ते. तेव्हा कुठं आरवली होती ही?”

पुढं काही दिवसांनी पहाटे पुन्हा आवाज फुटला. मुलगी अंथरुणातून धडपडत उठली आणि आईच्या कमरेला बिलगली. “आई, आता तू जाणार?”

बाईनं परोपरीनं समजावलं. मिठी काही सैल होईना.

त्याच सकाळी तिनं मला शालीत गुंडाळून भंगारवाल्याकडे आणलं. “आरवते हं ही,” ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली.

“आरवू दे की! मला कुठं ऐकू येतंय?” म्हातारा हसला.

बाई हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “तुझं काही चुकलं नाही गं,” म्हणाली आणि मागं न बघता गेली.

आता मी मोडक्या सायकलींच्या ढिगाऱ्यात राहते. पिसं विरळ झालीत. मुलगी समोरूनच शाळेत जाते. मी दिसले की आईला ओढत पलीकडच्या बाजूला नेते. हाक मारू तरी कशी? माझ्या आवाजालाच तर ती भिते.

तुम्हाला कधी भेटली, तर तेवढं सांगा तिला. मी कुणालाच बोलावत नव्हते. उजाडलंय, एवढंच सांगत होते.