आजोबांची बंदूक, जशी होती तशी

माझी नजर उत्तम आहे, बिघडलीय ती बंदुकीची माशी, असं मी गेली दोन-तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. नळीच्या टोकावरचा तो पितळेचा टिपूस पूर्वी मोहरीएवढा आणि रेखीव दिसायचा. हल्ली तो पिकून फुललेल्या डँडेलियनच्या कापसाळ फुलासारखा दिसू लागला होता. माझी बायको ओपल म्हणाली, "ऑरिन, पितळ म्हातारं होत नाही रे." मी तिला म्हटलं की बंदुकांतलं तुला काय कळतं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे माझा जन्म गेला होता, तिचा नव्हे.

ही बंदूक आमच्या आजोबांनी एकोणिसावं शतक संपायच्या आत घेतली. चापाखालची कडी खाली-वर केली की रिकामं पुंगळं बाहेर उडतं आणि नवं काडतूस आत जातं, ती जात. आजोबांकडून ती बाबांकडे आली आणि बाबांकडून माझ्याकडे. तिच्याबरोबर बाबांचे दोन नियमही आले. पहिला असा की हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी, कुरणात शंभर यार्डांवर ॲपल पाय भाजायचं पत्र्याचं ताट टांगायचं आणि तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही ताटात लागल्या तर बंदूक आपली, नाहीतर पुढच्याची. दुसरा असा की बंदुकीला भोक पाडायचं नाही, कानस लावायची नाही, जशी मिळाली तशी पुढे द्यायची. ज्याच्या हातून ती बदलेल त्याने त्याच दिवशी ती पुढच्याच्या हातात ठेवायची.

पुढची म्हणजे माझी धाकटी बहीण मॅरेन. तिचं रान आमच्या शेजारीच. गाई सांभाळते, कमी बोलते आणि तिची गोळी चुकत नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही.

गेल्या वर्षी माझी तिसरी गोळी ताटाच्या काठाला घासून गेली होती. मॅरेनने ताट हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "काठ म्हणजे ताटच की." मला दया दाखवलेली अजिबात सहन होत नाही, पण त्या दिवशी मी ती मुकाट्याने खिशात घातली.

यंदा काठसुद्धा लागणार नाही हे मला सप्टेंबरातच कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एका चष्म्यातून डोळ्याजवळची नेमाची खाच, हातभर लांबची माशी आणि शंभर यार्डांवरचं ताट, तिन्ही एकदम साफ दिसतील हे या वयात विसरा. मला रडू आलं नाही, पण गाडीत बसून बराच वेळ किल्ली लावली नाही. बंदूक गेली तर शनिवारी पहाटे मी कोण? डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसून थर्मासमधली कॉफी पिणारा एक म्हातारा. मला त्याची भीती वाटत होती, आणि मी भ्यायलो की काहीतरी विकत घेतो.

मी दुर्बीण घेतली.

आता असल्या जुन्या कडीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवणं म्हणजे काय, हे मी दुकानात शेकडो पोरांना समजावलं आहे. ही बंदूक पुंगळं सरळ वर उडवते. तेव्हा दुर्बीण तिच्या डोक्यावर बसवायची नाही. इतकं स्वच्छ सांगायचो मी की पोरं माना डोलवत निघून जायची. तर मी पहिल्या दिवशी काय केलं? कातड्याचे तुकडे घालून, चिमट्यांनी आवळून, भोक न पाडता दुर्बीण बरोबर तिच्या डोक्यावर बसवली. फार सुंदर दिसत होती. गोळी झाडली, कडी ओढली. पुंगळं वर उडालं, दुर्बिणीच्या पोटावर आपटलं आणि परत आत येऊन आडवं अडकलं. ओपल कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "हेच तू त्या हॅन्सनच्या पोराला सांगत होतास ना? मूर्ख म्हणाला होतास त्याला."

"मूर्ख नव्हतो म्हणालो."

"म्हणाला होतास. त्याची आई आली होती भांडायला."

दुसऱ्या खेपेला मी तीच दुर्बीण पुढे नळीवर सरकवली. पण ती होती डोळ्याजवळ धरायची, त्यामुळे हातभर अंतरावरून तिच्यात एवढासा उजेड दिसला, गटाराच्या पाइपातून चंद्र पाहावा तसा. मी मान पुढे घेत गेलो, घेत गेलो, आणि चाप ओढला तेव्हा माझी भुवई दुर्बिणीच्या काठाला अगदी टेकली होती. धक्का बसला आणि भुवईवर छान अर्धगोल उमटला. गावात ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांना तो कशाचा आहे हे विचारावं लागलं नाही. ही खूण आमच्याकडे सगळे ओळखतात.

मग शेवटी मी काउंटरवरच्या ऑरिनचं, म्हणजे माझंच, ऐकलं. नेम धरायला बंदुकीवर दोन गोष्टी असतात, टोकाला माशी आणि मागे खाचेची पट्टी. ही मागची पट्टी स्क्रूने बसवलेली नसते, नळीतल्या आडव्या गाळ्यात, म्हणजे खोबणीत, ठोकून बसवलेली असते. ती अलगद ठोकून बाहेर काढायची, तिच्या जागी त्याच मापाची बैठक सरकवायची आणि त्या बैठकीवर डोळ्यापासून हातभर लांब ठेवून पाहायची दुसरी दुर्बीण चढवायची. एकही भोक नाही. नको तेव्हा दुर्बीण उतरवायची, पट्टी परत ठोकायची. बंदूक जशी होती तशी.

आणि काय काळजी घेतली मी! पितळेची छिन्नी वापरली. हातोडीला फडकं बांधलं. नळीवर ओरखडा उमटू नये म्हणून साधी पेन्सिलसुद्धा टेकवली नाही. पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली गंजाचा एक काळपट ठसा होता, तोही तेलाच्या फडक्याने आणि मऊ तारेच्या चोथ्याने घासून लख्ख केला. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं तसा. बाबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती, असं मला खरंच वाटलं.

शुक्रवारी मॅरेन आली ती मफिनचा डबा घेऊन. बंदुकीकडे तिने एकदा पाहिलं आणि डबा ओपलच्या हातात दिला.

"हे काय?"

"दुर्बीण."

"ते दिसतंय मला. भोक?"

"एकही नाही. बघ ना. हात लावून बघ."

तिने पाहिलं. अंगठा फिरवला. "आणि भुवईला काय झालं?"

"फाटकाला आपटलो."

"फाटक गोल आहे वाटतं तुमचं," ती म्हणाली.

मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोतं टाकून कोपर टेकलं. ताट दुर्बिणीतून इतकं साफ दिसलं की त्यावरचं जुनं करपलेलं सफरचंदसुद्धा दिसलं. एक. दोन. तीन. तिन्ही मधोमध, एका बशीखाली झाकल्या असत्या. मी वळून पाहिलं तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना न केलेली बरी. ओपल नंतर म्हणाली की अंडं घातलेल्या कोंबडीसारखा.

मॅरेनने डोळे बारीक करून ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "छान मारलंस. बंदूक तुझी." आणि तिला वाईट वाटलं हे मला दिसलं. तेवढं दिसायला दुर्बीण लागली नाही. ती जायला निघाली असती तर बरं झालं असतं, पण माझं तोंड कुठे गप्प बसतंय. मी म्हणालो, "थांब. पाच मिनिटांत जशी होती तशी करून दाखवतो. उगाच मनात शंका नको."

"मला नाही शंका."

"तरी बघच."

पाच मिनिटं नाही लागली. दुर्बीण उतरवली, बैठक काढली, पट्टी गाळ्यात सरकवली, फडकं बांधलेल्या हातोडीने टकटक करत बरोबर मध्यावर आणली. "घे," मी म्हणालो, "एक गोळी तू मार. बाबांचीच बंदूक आहे ना?" हा माझा मोठेपणा होता.

तिने पोत्यावर कोपर टेकलं, श्वास सोडला, चाप ओढला. ताट हललं नाही. त्याच्या उजवीकडे चांगली हातभर लांब माती उडाली.

"हात हलला तुझा," मी म्हणालो.

तिने दुसरी झाडली. माती त्याच ठिकाणी उडाली. तिसरीही तिथेच. मॅरेनचा हात एकदा हलू शकेल, पण तिन्ही वेळा एकाच जागी हलणार नाही. तिने बंदूक खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ऑरिन, पट्टी कुठे होती आधी?"

"गाळ्यात."

"गाळ्यात कुठे? मधोमध?"

पट्टी गाळ्यात केसभर इकडे-तिकडे सरकली की गोळी तिकडे फूटभर सरकते. म्हणून दुकानात प्रत्येकाला मी सांगायचो की काढायच्या आधी नळीवर पेन्सिलीची एक रेघ मारून ठेवा. एक रेघ! ओरखड्याच्या भीतीने मी ती मारली नव्हती. तरी गंजाच्या ठशाने जागा दाखवली असती, पण तो मी स्वतःच्या हाताने घासून लख्ख केला होता. लोखंड सगळं जसंच्या तसं होतं. बाबांनी माझ्या लहानपणी एका दुपारी ठोकून बसवलेला आणि त्यानंतर कोणीही हात न लावलेला नेम तेवढा मी पुसून टाकला होता.

"मी बसवतो पुन्हा," मी म्हणालो आणि बंदूक उचलली. डोळा लावला. टोकाला डँडेलियन, मागे धुकं, लांबवर ताट किंवा गाय. दोन गोळ्या झाडल्या. कुठे गेल्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मान का वाकडी करतोस तू?" मॅरेनने विचारलं.

"म्हणजे?"

"तू कायम वाकडी मान करून मारतोस. मला वाटायचं आखडलीय."

"या बंदुकीला तशीच धरावी लागते. बाबा तसेच धरायचे."

मॅरेनने आधी ओपलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, बाबांचा जबडा घोड्याने लाथ मारून मोडला होता. त्यांचा गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकत नव्हता! त्यांनी पट्टी त्या वाकड्या मानेला जुळवली होती."

ओपलने तोंडावर मफिनचा डबा धरला, पण खांदे हलताना दिसत होते. आणि मी? मी जन्मभर धडधाकट जबड्याने मान वाकडी करून हरणं मारली होती. एवढंच नाही, काउंटरवर येणाऱ्या पोरांनाही सांगितलं होतं की या जातीच्या बंदुकीला मान जरा कलती ठेवावी लागते. या जिल्ह्यात मान वाकडी करून नेम धरणारा कोणी दिसला तर तो माझा शिष्य समजावा.

मीही हसलो. मग हसणं थांबलं आणि मला फार वाईट वाटलं. तो वाकडा नेम ही बाबांच्या हातची शेवटची गोष्ट होती. ती मी तेलाच्या फडक्याने पुसली होती.

दुर्बीण परत चढवता आली असती. तिन्ही गोळ्या मधोमध लागल्या होत्या, मॅरेनने बंदूक माझी म्हणून सांगितलंही होतं. ती काही बोलणार नव्हती. पण दुसरा नियम मला तिच्याइतकाच पाठ होता. मी बंदूक तिच्यापुढे धरली.

"बदलली माझ्या हातून. घे."

"ऑरिन, नसता हट्ट करू नको. भोक कुठे पाडलंस तू?"

"भोक बुजवता आलं असतं. घे म्हणतो ना!"

तिने घेतली. मला वाटलं होतं की ती लगेच घरी जाईल, पण ती परत ट्रॅक्टरपाशी गेली आणि म्हणाली, "हातोडी आण. मी बघते, तू ठोक."

मग सगळी दुपार आम्ही तेच केलं. ती गोळी झाडायची, सांगायची, "डावीकडे, जरासं." मी टक् करायचो. "अजून." टक्. "अरे, दार नाही ठोकत आहेस! हळू." ओपलने तिथेच कॉफी आणून दिली. ऊन उतरलं तेव्हा ताट खणकन वाजलं, पुन्हा वाजलं, आणि तिसऱ्यांदाही.

"बाबांच्या जागी आली का पट्टी?" मी विचारलं.

"बाबांची जागा कुठली, कोणाला माहीत आता," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याला आली." मग शर्टाच्या खिशातून गाई मोजायची पेन्सिल काढून तिने माझ्या हातात दिली. "रेघ मार."

मी मारली. ती जरा वाकडीच आली.

निघताना तिने बंदूक तिच्या गाडीत ठेवली. मी तिकडे पाहत नव्हतो, गोळा केलेली पुंगळी उगाच मोजत होतो. तिने बाकावरची दुर्बीण उचलून माझ्या छातीशी टेकवली. "ही इथे कशाला ठेवलीस? उद्या पहाटे लागेल."

"मला कशाला?"

"हरीण शोधायला. माझं लक्ष माशीवर असणार. लांबचं कोण बघणार?"

ती दुर्बीण हातभर लांब धरल्याशिवाय तिच्यातून दिसत नाही. त्यामुळे शनिवारी पहाटे जूडिथ डोंगराच्या कड्यावर शिकाऱ्यांचं केशरी जाकीट घातलेला एक म्हातारा हात ताठ पुढे करून दुर्बीण धरून बसला होता, भिकाऱ्याने कटोरा धरावा तसा. समोरच्या उतारावर त्याला आधी काहीच दिसलं नाही. मग जुनिपरच्या झुडपाआड एक कान हलला.

"मॅरेन," मी कुजबुजलो, "झुडपाच्या डावीकडे. शिंगं आहेत. थांब, वळतोय... आता."

तिने मान सरळ ठेवून गोळी झाडली. माझी मात्र, सवयीने, वाकडी झाली होती.