झडपेवरचा नारळ

माझ्या आईपुढे मी हात टेकले. खंडेनवमीला आम्ही कारागीर हत्यारं पुजतो, इंजिनही पुजावं, माझं काही म्हणणं नाही. पण देवाचा नारळ कुठे टांगावा, याला काही सुमार?

ठाण्याच्या राघोशेटची छोटी आगबोट होती. मिठागरांचा मालक माणूस, हौस एकच: कल्याणच्या सहदेवाच्या आगबोटीआधी आपली कल्याणला पोचावी. मी पंढरी, तिचा इंजिनवाला. दोन महिने त्या इंजिनाशी झगडलो. दट्ट्याला वाफ कधी मिळावी ती वेळ केसभर पुढे, केसभर मागे. सांधे घासले, गळती बंद केली. राघोशेटने बजावलेलं, जिंकलास तर इंजिन तुझ्याच हाती, हरलास तर मुंबईहून दुसरा आणीन.

नवमीला शर्यतीला निघालो. माझी आई आवडाबाईही सोबत. पहाटेच पूजा उरकून बसलेली. झेंडूच्या माळा इतक्या की वाफेच्या दाबाचा काटा दिसेना. म्हटलं, सणाला कशाला तोंड वाजवा. तिथेच चुकलो. मुंब्र्यापुढे बोट अशी सुटली की सहदेव मागे पडला. राघोशेट मिशीला पीळ देतोय आणि मी मनात म्हणतोय, पंढऱ्या, जिंकलास रे.

कोपरच्या वळणावर सांध्यांतून शिट्ट्या येऊ लागल्या. माळ बाजूला केली, तर काटा लाल रेघेच्या पार. वर पाहिलं. फाजील वाफ सोडायला एक झडप असते, तिची दांडी ठरावीक वजनाने दाबलेली असते. त्या दांडीच्या टोकाला लाल फडक्यात बांधलेला नारळ लोंबत होता. झडप उघडणार कुठून, कपाळ माझं!

म्हणजे हा वेग माझा नव्हता, नारळाचा होता. संताप आला, रडूही आलं. बोटीवर सहा माणसं. फडकं कापून नारळ काढला. झडप फुसकारली, बोट मंदावली आणि सहदेव हात हलवत पुढे गेला.

कल्याणच्या धक्क्यावर राघोशेट म्हणाला, देवाचा नारळ काढलास म्हणून हरलो. बॉयलर फुटून चिंध्या झाल्या असत्या, हे परोपरीने सांगितलं. पटेल तर शपथ. शेवटी म्हणाला, "उद्या दसरा. पुन्हा शर्यत लावतो. नारळ तसाच बांध, इंजिन तुझंच."

दोन महिन्यांची मेहनत समोर उभी, तोंडातून 'नाही' निघेना. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मी हिशेब करत होतो की नारळ लहान घेतला तर?

आईने हळूच विचारलं, "खरंच फुटलं असतं रे?"

मी मान डोलावली. ती उठली, धक्क्याच्या दगडावर नारळ आपटला आणि पहिला तुकडा राघोशेटच्या हातावर ठेवला.

"घ्या शेट, प्रसाद. आता बांधायला नारळ नाही, आणि चालवायला माझा पंढरी नाही."

दुसरा तुकडा मला दिला. खोबरं चावत मायलेकरं ठाण्याच्या वाटेला लागलो. थोडं चालल्यावर म्हणते कशी, "तिथं बांधू नये, हे आधी नाही का सांगायचं?"