सोमवारपासून जाणारा माणूस

"सर, थांबा! आपण मेलेल्या माणसांची गैरहजेरी लावलीय!"

आकडेवाली एवढ्या जोरात ओरडली, की हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरांचा चहा बशीत सांडला. इस्पितळात तिला सगळे आकडेवालीच म्हणत. एरवी तिचा आवाज शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नसे.

"अहो, निकाल तर झकास आहे," डॉक्टर म्हणाले. "हृदयविकाराच्या झटक्यानंतर जे व्यायामवर्गाला आले, त्यांच्यात मृत्यू निम्मे. उद्या जाहीर करायचंय."

"पण वर्गाला यायला आपण तीन महिन्यांची मुदत देतो. जो त्याआधीच गेला, तो येणार कसा? त्याला आपण 'न आलेल्यां'त ढकललं. आणि जो आला, तो येईपर्यंत जिवंत होता म्हणूनच आला ना! औषधाच्या चाचणीत आपण असं करतो का? तिथे कोण कुठल्या गटात हे ठरलं, की त्याच दिवसापासून मोजतो. इथेही घरी सोडल्या दिवसापासून मोजू. मुदत संपण्याआधीच, वर्गाला न येता वारलेला दोन्ही गटांत धरू. तो आला असता की नाही, कोण सांगणार?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि हसले. "माझं नाक कापलं जाण्यापासून वाचवलंत. करा परत."

तिला तहानभुकेचं भान राहिलं नाही. संध्याकाळी नवा निकाल आला. फायदा होता, पण थोडका. निम्म्याचा फुगा फुटला होता आणि ती आनंदाने टेबल बडवत होती. त्या आकड्यांत नावं झाकलेली होती, तरी एका ओळीतलं वय आणि तारीख तिला पाठ होती.

घरात शिरताच ती म्हणाली, "आई, बाबांनी वर्ग टाळला असं आता कुणी म्हणणार नाही!"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "टाळलाच की. नवे बूट आणले आणि रोज एकच पालुपद, सोमवारपासून जातो. मीच हाताला धरून न्यायला हवं होतं."

"अगं, ते गेले तेव्हा वर्गाला यायची मुदत संपलीच नव्हती. आणि चार दिवस वर्गाला जाऊन माणूस वाचतो, असं आमचे आकडे तरी म्हणत नाहीत. तुझ्या हातून काही राहिलं नाही, आई."

आईने हातातली घडी बाजूला ठेवली. मग स्टुलावर चढून तिने कपाटावरचं खोकं काढलं. रागाने वर टाकलेले कोरे बूट पदराने पुसले आणि दाराशी, आपल्या चपलांशेजारी, टोकं बाहेर करून ठेवले.

"निघालेच होते की गं ते," ती म्हणाली.