वाटीची कावीळ

कोठी भागातल्या इस्पितळामागच्या गल्लीत सकाळी नऊलाच पन्नासेक माणसं जमली होती. मधोमध पाटावर कावीळ उतरवणारे पसुपु स्वामी. पसुपु म्हणजे तेलुगूत हळद. महाराजांनी ती अंगभर फासली होती. तोंडात पान, हनुवटीवर त्याचा लाल ओघळ. एका बाईच्या हातांना त्यांनी वाटीतला तपकिरी रस चोळला, वरून लोट्यातलं पाणी ओतलं, आणि परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

"देखो अम्मा, पीलिया कैसा उतर रा!"

लोकांनी हात जोडले. परातीत आधीच्या वीसेक जणांचं पाणी तसंच साचलेलं, त्यावर माश्या. मला शिसारी आली.

रांगेत माझ्या भाचीचे, मेघनाचे सासरे उभे होते. एकनाथराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले, चार भाषा लिहिता-वाचता येणारे गृहस्थ. त्यांचा नातू दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मला होता. वजन सव्वा किलो. चार दिवसांचं ते पोर दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली निपचित पडलेलं होतं. कावीळ चढतच होती. डॉक्टर पद्मजांनी आठ वाजताच बजावलं होतं, "ती मेंदूत भिनायच्या आत रक्त बदलायला हवं. लगेच सही करा." पण गिरीशनं, बाळाच्या बापानं, सही केली नव्हती. वडील म्हणाले होते, "स्वामींची आज तिसरी बैठक आहे. ती होऊ दे, मग बघू."

"एकनाथराव, आजारी बाळ आहे. हात तुमचे धुऊन काय होणार?" मी विचारलं.

"रक्ताचं नातं आहे, जयवंताताई. माझ्यातून उतरतं."

स्वामींनी ते ऐकलं. "नीली बत्ती ऊपर का पीला देखती, मैं अंदर का निकालता!" असं म्हणत त्यांनी एकनाथरावांचे हात धुतले. पाणी पिवळं झालं. मग परातीतलंच थोडं एका बाटलीत भरून दिलं. "तीर्थ है. बच्चे के मुँह में दो बूँद."

ते घाण पाणी त्या पोराच्या तोंडात! मी बाटली हिसकावून घेतली.

नारायणगुड्याच्या शाळेत मी सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय. लोट्याच्या काठावरचा पांढरा थर मला कधीचा दिसला होता. मी वाटी उचलून वास घेतला.

"हा आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आहे ना? आणि लोट्यात पानाच्या चुन्याची निवळी?"

"हात मत लगाओ! पाप लगेगा!"

"लागू दे." मी लोटा उचलून सरळ त्या वाटीत ओतला. रस पिवळाधमक झाला. वाटी मी सगळ्यांपुढे धरली. "बघा! यात कुणाचा हात नाही, कुणाचं रक्त नाही. मग कावीळ कुणाची उतरली? वाटीची?"

एक माणूस हसला, मग बरेच हसले. स्वामींनी आधी शाप दिला, मग लोटा बगलेत मारून अफझलगंजच्या बाजूला चालू लागले. खरी किळस मला त्यानंतर आली, कारण सात-आठ माणसं त्यांच्या मागे निघाली होती.

एकनाथराव आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघत उभे होते. "दोन दिवस..." एवढंच म्हणाले आणि जिन्याकडे धावले.

गिरीशनं सही केली तेव्हा दहा वाजून गेले होते. बाळाचं रक्त बदललं. पोर जगलं.

दीड महिन्यानं कानांची तपासणी झाली. उजव्या कानाला ऐकू येत नाही. मेघनानं विचारलं, "मावशी, त्या दोन तासांमुळे झालं का हे?" डॉक्टर म्हणाल्या, "सांगता येणार नाही." मलाही येत नाही. एकनाथराव हल्ली नातवाशी बोलताना त्याच्या डाव्या बाजूला बसतात.

पिवळं पाणी बघून हात जोडण्याआधी एकदा तरी विचारा, लोट्यात काय आहे? जो विचारू देत नाही, त्याच्यापुढून उठा. देवावर श्रद्धा असेल तर जरूर ठेवा. पण डॉक्टर सही मागतात तेव्हा आधी सही करा. प्रार्थना नंतरही करता येते.