रेषा नसलेला तळहात

कमोडोर गायधनींच्या उजव्या तळहातावर एकही रेषा नव्हती. कातडी काचेसारखी गुळगुळीत होती. पाणबुडीत आग लागली, तेव्हा तापलेल्या लोखंडी दाराची मूठ त्यांनी याच हाताने दाबून धरली होती. आत अडकलेले तिघे किंचाळत दारावर धडका देत होते. पण आग विझेपर्यंत दार उघडायचं नाही, हा पाणबुडीचा नियम. धडका थांबल्या. बाकीचे वाचले.

त्यांचा मुलगा वेदांगही नौदलात होता आणि पाणबुडीवर जाण्यासाठी दोन वर्षं त्यांचा होकार मागत होता. सुट्टीत गंगापूर रोडच्या घरी आल्यावर त्याने पुन्हा विचारलं.

"आत मी असतो तर, बाबा?"

"तरी धरलं असतं."

"हे आईला सांगू नका, जेवायला वाढणार नाही ती." मग तो हळूच म्हणाला, "आत तुम्ही असतात, तर मीही धरलं असतं."

गायधनींनी मूठ आवळली.

"जा," ते म्हणाले.