एकशे बारा निऱ्या

सुमनताईंनी खोक्यातला एअर फिल्टर काढून काउंटरवर उभा केला आणि कागदाच्या पहिल्या घडीवर अंगठ्याचं नख टेकवलं. निमूट पैसे देऊन निघाल्या असत्या, तर त्यांच्या वाट्याला काय आलं असतं? एक नवाकोरा फिल्टर, दुकानाचा अर्धा कप चहा आणि नवऱ्याचा संध्याकाळपर्यंत टिकणारा चांगला मूड. तसा काही वाईट सौदा नव्हता. पण नख पुढे सरकायला लागलं होतं. टिक, टिक, टिक.

"अगं, काय करायलीस?" ज्ञानदेव दुकानाच्या पायरीवरून म्हणाला. त्याचा एक डोळा रहाटणीच्या रस्त्यावर तिरक्या लावलेल्या पिकअपवर होता. "दोन वाजता चाकणला माल उतरवायचाय."

"निऱ्या मोजते."

बाकावर ऑइलचा डबा मांडीवर घेऊन बसलेला टेम्पोवाला धम्मपाल खुदकन हसला. "निऱ्या? वहिनी, साड्यांचं दुकान पलीकडे आहे. हे लक्ष्मणरावांचं."

"मोजू द्या हो त्यांना," लक्ष्मणराव गल्ल्यावरून म्हणाले. त्यांचं डोकं पांढरं होतं आणि कपाळाला बुक्का. "गिऱ्हाइकाचा हक्क हाय. जपमाळ देऊ का ताई, आकडा चुकंल न्हाईतर."

सुमनताईंनी मान वर केली नाही. आठ वर्षं त्या हेच फिल्टर बनवणाऱ्या चाकणच्या कंपनीत ठेक्यावर होत्या. मशीनमधून कागद घड्या पडून बाहेर यायचा, त्या घड्यांना लाइनवरच्या सगळ्या बायका निऱ्याच म्हणायच्या. तपासणीच्या शीटवर छापलेला इंग्रजी शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. सुमनताईंचं टेबल लाइनच्या शेवटी, तपासणीचं. या जुन्या डिझेल पिकअपच्या फिल्टरला एकशे बारा निऱ्या. एक जरी कमी भरली तरी लाल पेनाने काट मारायची आणि पीस बाजूला टाकायचा.

नख फिरून पहिल्या घडीशी आलं. शहाण्णव. त्यांनी पुन्हा मोजलं. शहाण्णवच.

"डुप्लिकेट निघाला का?" धम्मपालने विचारलं.

"काय बोलतो राव!" लक्ष्मणराव उठलेच. "ताई, खोकं बघा, सील बघा, छाप बघा. अस्सल कंपनीचा माल हाय. साडेआठशे रुपये उगाच घेतो व्हय?"

"अस्सलच आहे," सुमनताई म्हणाल्या. "तेच तर म्हणते मी."

तीन वर्षांपूर्वी एका सेकंड शिफ्टला असंच झालं होतं. शीटवरचा आकडा बदलला होता, पण ठेक्यावरच्या बायकांना कोण सांगणार? सुमनताईंनी त्या शिफ्टमध्ये तीनशे चाळीस पिसांवर लाल काट मारली. सुपरवायझर धावत आला, नवं शीट टेबलावर आपटलं. आता शहाण्णवलाच पास म्हणायचं, तेवढीच कागदाची बचत. चाकणच्या धुळीत कमी कागदाचा फिल्टर लवकर भरतो, इंजिनाचा दम कोंडतो, हे त्याला सुमनताईंनी सांगितलं. ते त्याला माहीत होतं. त्याला फक्त शीटखाली त्यांची सही हवी होती. ती काही मिळाली नाही. मग ठेक्याचे सात महिने भरले तसा सगळ्या बायकांना नेहमीप्रमाणे 'ब्रेक' मिळाला. आठ दिवसांनी बाकीच्यांना फोन गेले. सुमनताईंचा ब्रेक अजून चालूच होता.

हातात आला तो पीएफ. सत्तर हजार. मागच्याच महिन्यात तो अख्खा या पिकअपच्या इंजिनात ओतला होता. गाडी पंधरा वर्षांची; पुन्हा इंजिनाचं काम निघालं, तर घरात मोडायला दुसरा पीएफ नव्हता.

"जाऊ दे ना," ज्ञानदेव आत येत हळू आवाजात म्हणाला. "सगळी दुनिया हाच घालायलीय."

"दुनियेच्या इंजिनात माझे पैसे नाहीत." त्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. "दुसरे दाखवा."

"दुसरे म्हंजी रिजेक्शनचे. त्या पोत्यात. भंगारवाल्याकडून येत्यात. तीनशेला एक, गॅरंटी न्हाई, तोंड वाकडं करायचं न्हाई."

सुमनताई पदर खोचून पोत्याशी उकिडव्या बसल्या. पहिला फिल्टर काढून त्यांनी आत मोबाइलची बॅटरी लावून धरली. कागदातून टाचणीएवढा उजेड आला. बाजूला. दुसऱ्याच्या कडेचं रबर दाबून पाहिलं, ते कडक पडलं होतं. बाजूला. तिसऱ्याचा गोंद कडेने ओघळला होता, दिसायला अगदीच गबाळा. उजेड मात्र कुठून येईना. नख फिरलं. धम्मपालचे ओठ त्यांच्या नखाबरोबर हलत होते.

"एकशे बारा," शेवटी तोच म्हणाला.

फिल्टरच्या टोपणावर लाल काट होती. तिची एक रेघ उगाच लांब ओढलेली. गिरजाबाईंचा हात. शेजारच्या टेबलावरच्या गिरजाबाईंनी सही केली होती, त्यांना आठव्या दिवशी परत बोलावलं होतं. नव्या शीटवर शहाण्णवपेक्षा जास्त निऱ्या ही पण चूकच. त्यामुळे लाइनवर उरलेल्या जुन्या, चांगल्या पिसांवर त्यांना काट मारावी लागली असणार. सुमनताईंनी अंगठा ओला करून ती रेघ घासली. ती गेली नाही.

"हा द्या. बिल करा."

लक्ष्मणराव हसले. "ताई, रिजेक्शनला बिल नसतं. तीनशे टाका न् घेऊन जा."

"बिल पाहिजे मला. फिल्टरचं नाव घालून."

"बिल हवं तर छापील किंमत पडंल. साडेआठशे."

"करा मग."

"सुमन!" ज्ञानदेवचा आवाज चढला. "येड लागलंय का? तोच फिल्टर तीनशेला द्यायलेत ते!"

"तीनशेला रिजेक्शन देतायत. मी रिजेक्शन घेत नाही."

"अगं, पण वस्तू तीच हाय ना?"

"वस्तू तीच आहे," सुमनताई म्हणाल्या. "नाव चुकीचं लावलंय."

लक्ष्मणरावांनी नवरा-बायकोत पडायचं नाही हे चाळीस वर्षांच्या धंद्यात शिकून घेतलं होतं. बिलबुक मात्र त्यांनी चटकन ओढलं. जास्तीचे साडेपाचशे रुपये चालून येत असताना कार्बन उलटा लागला तरी त्यांची हरकत नव्हती. तो उलटाच लागला होता. सुमनताईंनी दाखवून दिला. बिल झालं, नोटा गल्ल्यात पडल्या. मग पोत्यातला फिल्टर त्यांनी छापील खोक्यात बसवला, झाकण लावलं, आणि लक्ष्मणरावांच्या खिशातलं लाल पेन न विचारता काढून घेतलं.

काउंटरवर उघड्या राहिलेल्या शहाण्णव निऱ्यांच्या फिल्टरच्या टोपणावर त्यांनी काट मारली. सावकाश, दोन सारख्या रेघा.

"अवो, अवो ताई! विकायचाय मला त्यो!"

"विका की. पोत्यातून."

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं, गल्ल्यातल्या नोटांकडे नजर टाकली आणि तोंड मिटलं. धम्मपाल ऑइलचा डबा खाली ठेवून उठला. आता तो हसत नव्हता.

"वहिनी, माझीही गाडी हीच. एक मलाही काढून द्या ना पोत्यातला. बघून."

सुमनताई पुन्हा उकिडव्या बसल्या. पाचवा पीस पसंत पडला. धम्मपालने खिशातून शंभराच्या तीन नोटा काढल्या, तेवढ्यात लक्ष्मणरावांनी पोत्याचं तोंड मुठीत आवळलं.

"तीनशे न्हाई भावा. ताईंनी पास केलेला माल हाय त्यो. साडेआठशे."

"हे काय राव! पाच मिनिटांपूर्वी भंगार होतं ते!"

"तवा ठाऊक नव्हतं."

धम्मपालने आशेने सुमनताईंकडे पाहिलं. ज्ञानदेवनेही पाहिलं. एवढा वेळ घालवून बायकोने आपलं तर आपलं, वर दुसऱ्याचंही नुकसान केलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सुमनताईंनी गुडघ्यांवर हात टेकून उठताना पदर सोडला आणि नीट केला.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "साडेआठशेचाच आहे तो. बिल मागून घ्या, भाऊ."

आणि खोकं काखेत मारून त्या पिकअपकडे चालू लागल्या.

धम्मपालने दोन शिव्या मनात आणि साडेआठशे काउंटरवर ठेवले. साडेआठशे सुमनताईंचे आधीच गल्ल्यात पडले होते. एकूण सतराशे. त्यातला फायदा लक्ष्मणरावांचा, चाकणपर्यंतचा अबोला ज्ञानदेवचा. कंपनीचा, नेहमीप्रमाणे, एक पैसाही गेला नाही.