किनारपट्टीचा गट

सरांची रजा महिनाभराची होती, पण ते एकविसाव्या दिवशीच शाळेत हजर झाले. मुख्याध्यापिकांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि एवढी घाई कशाला केलीत, असं विचारलं. सर म्हणाले, घरी बसून तरी काय करणार. पाचवीचा भूगोल मागे पडलाय आणि पंधरा दिवसांनी तपासणी आहे, एवढं मुख्याध्यापिकांनी हळू आवाजात सांगितलं.

बायको नऊ दिवसांच्या तापात गेली होती. दवाखान्यात निघाली तेव्हा स्वतःच्या पायांनी गाडीत बसली होती आणि गॅस बंद केलाय का ते बघा, म्हणाली होती. मूलबाळ नव्हतं. सव्वीस वर्षांचा संसार दोघांचाच. ती गेल्यापासून सरांना रडू आलं नव्हतं. भेटायला येणारे डोळे पुसायचे आणि सर त्यांना चहा करून द्यायचे. दूधवाला अजूनही दोन पिशव्या टाकून जात होता. एक नासायची, ती सर मोरीत ओतायचे. उद्यापासून एकच टाक, असं त्याला सांगायचं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

वर्गात गेल्यावर त्यांनी फळ्यावर देशाची बाह्यरेषा काढली. खडू न उचलता, पुस्तकात न बघता. हे त्यांना वीस वर्षं येत होतं आणि मुलं दरवर्षी तोंडात बोट घालायची. मग आत चार रेघा मारल्या आणि पाच प्रदेश सांगितले. वरती डोंगराळ भाग, मध्ये आपण राहतो ते पठार, उजवीकडे नदीकाठची सपाट जमीन, खाली वाळवंट आणि डावीकडे बोटभर रुंदीची किनारपट्टी. सगळं ठरल्यासारखं तोंडातून येत होतं. शेजारच्या वर्गात कुणीतरी शिकवतंय आणि आपण भिंतीपलीकडून ऐकतोय, असं त्यांना वाटत होतं.

या धड्याला जोडून एक उपक्रम असायचा. जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजवून, डिंक घालून लगदा करायचा आणि लाकडी फळीवर देशाचा उंचसखल नकाशा उभा करायचा. वर्गाचे पाच गट, गटाला एक प्रदेश. शिवाय प्रत्येक गटानं त्या प्रदेशातून इथे येऊन राहिलेलं एक माणूस शोधायचं आणि त्याला पाच प्रश्न विचारायचे. घराचं छप्पर कसलं, सकाळी पोटात काय जातं, वारा कुठून येतो, लोक काम काय करतात, आणि इथे आल्यावर कशाची आठवण येते. प्रश्न सरांनीच पूर्वी कधीतरी काढले होते. पाचवा तर कागद खाली रिकामा दिसत होता म्हणून घातलेला.

डोंगरवाल्यांनी शाळेच्या रखवालदाराला धरलं. नदीवाल्यांना समोरचा शिंपी सापडला, वाळवंटवाल्यांना औषधाच्या दुकानदाराची सासू. पठारवाल्यांचं काय, सगळं गावच त्यांचं. किनाऱ्याकडचं माणूस मात्र कुणाला मिळेना.

त्या गटाची पुढारी एक मुलगी होती. कुठल्याही गोष्टीवर हुज्जत घालायची म्हणून सगळे तिला वकिलीणबाई म्हणायचे. मधल्या सुट्टीत ती तिघींना मागे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली.

"सर, ऑफिसातले काका म्हणाले, तुमच्या घरच्या बाई किनाऱ्याकडच्या होत्या."

"होत्या," सर म्हणाले.

"मग तुम्हाला सगळं माहीत असेल."

मागची एक तिचा फ्रॉक ओढत होती. कोपऱ्यातल्या चित्रकलेच्या बाई मुलींना आवरायला उठू लागल्या. सरांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि मुलींना बाकावर बसायला सांगितलं.

त्यांनी उत्तरं सांगितली. पाऊस फार म्हणून उतरती कौलं, आहारात मासे, वारे समुद्रावरून, व्यवसाय मासेमारी आणि बागा. वकिलीणबाईनं पेन्सिल थांबवली आणि हे तर पुस्तकातच आहे, अशी तक्रार केली. सरांच्या घरच्या बाईंच्या माहेरचं छप्पर कसलं, ते तिला हवं होतं. सरांना आठवावं लागलं. पुढे कौलं, मागे पत्रा, आणि मागच्या दारातून जाताना वाकावं लागायचं. लग्नात त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. मुलींनी टेंगूळसुद्धा लिहून घेतलं. असं करत चार प्रश्न झाले आणि ती पाचव्याशी आली. त्यांना इथे आल्यावर कशाची आठवण यायची?

सरांनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षांत हे आपण तिला कधी विचारलेलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. ते म्हणाले, उद्या सांगतो.

घरी आल्यावर चपला न काढताच त्यांनी बायकोच्या थोरल्या बहिणीला, ताईंना फोन लावला. त्या अजून माहेरच्याच घरात राहत होत्या. ताईंची चौकशी करायची, हेही सरांना सुचलं नाही. त्यांनी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. शाळेसाठी हवंय, असंही सांगितलं.

"तिला तुमच्याकडे झोप लागायची नाही, भावोजी," ताई म्हणाल्या. "पहिली तीन-चार वर्षं तरी. आमचं घर पाण्यापासून शंभर पावलांवर. जन्मापासून कानात तो आवाज. तुमच्याकडे दिवे मालवले की सगळं गप्प. म्हणायची, ताई, कानात कापूस कोंबल्यासारखं होतं गं. म्हणून ती पंखा लावून झोपायची."

पंखा सरांना चांगला आठवत होता. ऐन थंडीत ती पंखा लावायची आणि ते उठून बंद करायचे. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू. यावरून त्यांचे वाद झाले होते. हवा खेळती राहते, एवढंच ती म्हणायची. मग सर्दी कशानं होते, याबद्दल सरांनी तिला दोन वेळा समजावून सांगितलं होतं आणि वर एक जाड पांघरूण आणून दिलं होतं. एका वर्षी तिनं पंखा लावणं सोडलं. तिला पटलं, असं ते समजले होते.

"मला का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं होतं का कधी?"

ताईंच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांनाही ते खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सर नाही म्हणाले. सुट्टीत चार दिवस या, असं सांगून ताईंनी फोन ठेवला.

सर खुर्चीत बसून राहिले. आता काहीतरी होईल, निदान रडू येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही. मग त्यांनी उठून भात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना उत्तर सांगितलं. समुद्राच्या आवाजाची. काल फ्रॉक ओढणारी मुलगी पहिल्यांदाच बोलली. शांततेनं कशी झोप उडेल, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, आवाजाची सवय असली तर उडते. कागदाच्या तळाशी 'माहिती कोणी दिली' असा रकाना होता. तिथे काय लिहायचं यावर चौघींची कुजबुज चालली. शेवटी वकिलीणबाईनं 'सरांच्या घरून' असं लिहिलं आणि सरांकडे न बघता कागद पुढे केला.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नकाशातल्या डोंगरावर बोट दाबून पाहिलं. लगदा आतून ओलाच होता, खळगा पडला. मग किनारपट्टी प्रमाणापेक्षा फार रुंद झाल्याचं त्यांनी दाखवून दिलं. वकिलीणबाई म्हणाली, तिथे एवढी माणसं राहतात, मावायला नकोत का. अधिकारी हसले आणि शेरा चांगला लिहून गेले.

सुट्टी लागल्यावर सर खरंच ताईंकडे गेले. यापूर्वी ते तिथे तीनदा गेले होते, तीनही वेळा परतीचं तिकीट खिशात ठेवून. घाट उतरताना कान बंद झाले. खाली उतरल्यावर हवा गरम आणि दमट, असं ते वीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. ती आता पाठीला चिकटली.

ताईंनी त्यांना मागच्या पडवीत बसवलं आणि समोर विळी घेऊन मासे साफ करायला घेतले. सर समुद्राकडे बघत होते. पाणी होतं, आवाज होता. आत कुठे काही हललं नाही, आणि तसं त्यांनी ताईंना सांगूनही टाकलं. नाही तर नाही, ताई म्हणाल्या, त्याला काय घाई आहे. त्यांनी एक मासा उलटा केला.

"तुमच्याबद्दल ती काय म्हणायची माहितीये? म्हणायची, शिकवतात फार छान, पण घरी आल्यावर शाळा सुटतच नाही."

सरांना हसू आलं, जरासंच. ते खरं असल्याचं त्यांनी कबूल केलं.

"आणखी काय म्हणायची?" त्यांनी विचारलं.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टूल जवळ घ्या म्हणाल्या, लाटांत नीट ऐकू येत नाही, आणि सांगायला वेळही लागेल. सरांनी स्टूल जवळ घेतलं. चौथ्या दिवशी परत निघायचं ठरलं होतं. चौथा दिवस आला तेव्हा ताईंनी निघण्याचा विषय काढला नाही आणि सरांनीही नाही.